मुंबई पायी बघायची तर आधी वेळ ठरवा, रस्ता मग

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि ती यादी तीनदा. थोडक्यात परत मांडते म्हणजे माझी समजण्यात चूक नको. तुम्ही आणि वहिनी साताऱ्याहून डिसेंबरात गुरुवार ते रविवार मुंबईला येताय, लॉज सीएसएमटीजवळ आहे, टॅक्सी शक्यतो नको, शहर पायीच बघायचंय, रोज अजिंक्यतारा चढता त्यामुळे दिवसाला २० किलोमीटर सहज चालू असं म्हणताय, आणि ३२ ठिकाणं लिहिलीत ती चार दिवसांत कुठल्या क्रमाने बसवायची. शिवाय वहिनींचा उजवा गुडघा अधूनमधून दुखतो.

मी गेली १६ वर्षं लोकांना घेऊन मुंबईत चालतेय, शाळेच्या मुलांपासून सत्तरीच्या आजी-आजोबांपर्यंत सगळे. त्यावरून स्पष्ट सांगते, ३२ ठिकाणं बसतील पण बसवू नका. घरी जाताना फक्त फोटो असतील आणि पाय सुजलेले असतील.

पहिलं ते २० किलोमीटर मनातून काढा. गडावर पायाखाली माती असते, वारा असतो, एका लयीत चढता आणि उतरता. इथे फरशी, पेव्हर ब्लॉक, फूटपाथ एक फूट उंच मग एकदम खाली मग परत वर, सिग्नलला थांबा, हातगाडीला वाट द्या, वर बघा, मागून हॉर्न. हे थांबत थांबत चालणंच जास्त दमवतं, आणि तळपायाच्या आधी डोकं दमतं. मरीन ड्राइव्हला तुम्ही तासाला चार-पाच किलोमीटर आरामात जाल, पण भुलेश्वरात तासाला दीड-दोन झाले तरी खूप झालं, आणि तिथे त्याहून जोरात जाऊन करायचंय काय? दिवसाला आठ ते दहा किलोमीटर, तेही सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन तुकड्यांत, मध्ये लॉजवर जाऊन चक्क आडवं व्हायचं. दोन तास झोपलात तर संध्याकाळ तुमची.

आता मुख्य गोष्ट. सगळे आधी नकाशा काढतात आणि ठिकाणं जोडत बसतात. मी आधी घड्याळ बघते. कारण मुंबईत एकच रस्ता दिवसातून तीन वेळा वेगळा असतो. सीएसएमटीपासून हुतात्मा चौकापर्यंतचा डी. एन. रोड घ्या, जेमतेम एक किलोमीटर. कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊला तिथे स्टेशनातून माणसांचा लोंढा बाहेर पडतो आणि सगळे एकाच दिशेला, तुम्ही उलटे निघालात तर चालताच येत नाही. दुपारी एकला तेच लोक कमानींच्या सावलीत उभ्याने सँडविच, डोसा खात असतात. आणि रविवारी सकाळी सातला त्याच रस्त्यावर कोणी नसतं, तेव्हा पहिल्यांदा मान वर करून बघता येतं आणि कळतं की प्रत्येक इमारतीचं डोकं वेगळं आहे. बरं त्या कमानींबद्दल सांगते, तिथे बांधकाम करायचं तर खाली चालणाऱ्यांसाठी कमानींचा रस्ता सोडायचा असा इंग्रजांच्या काळी नियमच होता, म्हणून आजही तो अख्खा रस्ता उन्हापावसात सावलीतून चालता येतो. पायी चालणाऱ्याचा एवढा विचार केलेला रस्ता मुंबईत दुसरा मला माहीत नाही.

हे घड्याळाचं शहाणपण मला फुकट आलेलं नाही. अगदी सुरुवातीच्या काळात मी १४ जणांना घेऊन एप्रिलात भुलेश्वरला गेले होते, जमेपर्यंत साडेअकरा वाजले, गल्लीत ऊन थेट डोक्यावर, माल उतरवायला टेम्पो लागलेले, आणि आमच्यातले एक काका फूलगल्लीत चक्कर येऊन खाली बसले. एका फूलवाल्या मावशीने आपला पाट रिकामा करून त्यांना टेकवलं, पाणी पाजलं, कपाळावर ओला रुमाल ठेवला. काका ठीक झाले पण मला रात्रभर झोप नाही. तीच गल्ली सकाळी आठला इतकी सुंदर असते की काय सांगू. तेव्हापासून आधी वेळ, मग रस्ता.

डिसेंबरात मुंबईत सातच्या सुमाराला उजाडतं आणि सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. म्हणजे सकाळी सात ते साडेदहा-अकरा आणि दुपारी चार ते आठ, एवढेच तुमचे चालायचे तास. थंडी म्हणाल तर साताऱ्यासारखी काही नाही, दुपारी तीस-बत्तीस डिग्री असतं आणि घाम येतोच. स्वेटर पहाटेपुरता.

दुसरा नियम, जाताना गाडीने जायचं आणि येताना चालत लॉजकडे यायचं. उलटं केलंत तर सगळ्यात दमलेले असताना सगळ्यात लांब असाल. आता मेट्रो ३ पूर्ण सुरू झाल्यापासून हे फार सोपं झालंय, सीएसएमटी, काळबादेवी, गिरगाव, चर्चगेट, हुतात्मा चौक अशी सगळी जमिनीखालची स्टेशनं आहेत. लोकल तर आहेच. टॅक्सी नको ही तुमची अट मला आवडली पण लोकल आणि मेट्रो नको असं कृपा करून म्हणू नका, लोकलमध्ये न बसता मुंबई बघणं म्हणजे पंढरपुरात जाऊन चंद्रभागा न बघणं.

गुरुवारी तुम्ही दुपारी पोचाल, सामान टाका, चहा घ्या आणि चारला निघा. स्टेशन आधी आतून नाही, समोरच्या बाजूने बघा, महापालिकेच्या इमारतीच्या कोपऱ्यावरून. दोन्ही इमारती एकाच आर्किटेक्टच्या, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या. स्टेशनचं बांधकाम १८७८ ला सुरू होऊन १८८८ ला पुरं झालं, महापालिका १८९३ ला. दोघी एकमेकींकडे बघत उभ्या आहेत. स्टेशनावर दगडात मोर, माकडं, पानं कोरलीत, डोळे सरावले की दिसायला लागतात, तोपर्यंत नुसती भव्य इमारत दिसते. दहा मिनिटं द्या. मग त्याच कमानींमधून हुतात्मा चौक. इथे दोन काळ शेजारी शेजारी आहेत, १८६४ चं फ्लोरा फाउंटन आणि त्याला लागून मशाल धरलेले शेतकरी-कामगार, संयुक्त महाराष्ट्रासाठी गेलेल्यांचं स्मारक. बहुतेक लोक कारंज्याचा फोटो काढतात आणि स्मारकाला पाठ करतात. तुम्ही तिथे थांबा, कोरलेली नावं वाचा. ही मुंबई महाराष्ट्राला फुकट मिळालेली नाही.

तिथून ओव्हल मैदान. मैदानाच्या मधोमध पायवाट आहे, तिच्यावर उभं राहिलं की पूर्वेला हायकोर्ट, युनिव्हर्सिटी आणि राजाबाई टॉवर, दगडी, टोकदार, एकोणिसाव्या शतकातलं, आणि पश्चिमेला १९३० च्या आसपासच्या आर्ट डेको बिल्डिंगा, गोल बाल्कन्या, रंगीत, सिमेंटच्या. मधल्या साठ-सत्तर वर्षांत मुंबई कशी बदलली ते मान डावीकडून उजवीकडे वळवली की कळतं. २०१८ ला युनेस्कोने या दोन्ही बाजूंना मिळून जागतिक वारसा म्हटलंय. राजाबाई टॉवर १८७८ चा, ८५ मीटर उंच, प्रेमचंद रायचंद या कापसाच्या आणि शेअरच्या व्यापाऱ्याने पैसे दिले आणि आईचं नाव द्यायला लावलं. संध्याकाळी पाचचं ऊन बरोबर त्याच्या तोंडावर पडतं, म्हणून ही वेळ.

साडेपाचला मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर जाऊन बसा. लोक संध्याकाळी गेटवेला जातात आणि सूर्यास्त शोधतात, पण गेटवे शहराच्या पूर्वेला आहे, तिथे सूर्य उगवतो. मावळतीला मरीन ड्राइव्ह, उगवतीला गेटवे, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धी मुंबई जमली. पूर्ण मरीन ड्राइव्ह ३.६ किलोमीटर आहे, पहिल्या दिवशी अर्धाच करा.

शुक्रवार हा या सगळ्यातला माझा आवडता दिवस. सातला सीएसएमटीहून मेट्रो, दोन स्टेशनं, गिरगावला वर या. आधी खोताची वाडी. लाकडी जिने, व्हरांडे, बाहेर क्रॉस, तुळशीची कुंडी, ईस्ट इंडियन म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांची जुनी घरं आणि शेजारी मराठी चाळ. तिथे लोक राहतात हो, ते म्युझियम नाही, खिडकीतून आत कॅमेरा घालू नका, कोणी दिसलं तर नमस्कार करा, विचारा, बहुतेक वेळा स्वतःहून गप्पा मारतात. मग केशवजी नाईक चाळ, मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ ला इथे बसला. डिसेंबरात गणपती नाही पण चाळ आहे, ते चौक, कठड्यावर वाळत घातलेले कपडे, सकाळी पेपर वाचणारे आजोबा, हे आता किती वर्षं राहील सांगता येत नाही. आजूबाजूची नावं नुसती वाचत चाला, फणसवाडी, कांदेवाडी, मुगभाट. एकेकाळी इथे काय पिकत होतं ते नावात राहिलंय. ठाकूरद्वारला विनय हेल्थ होममध्ये मिसळ खा. साताऱ्याची सवय असेल तर तिखट कमी वाटेल, पण खा.

मग भुलेश्वर, साडेआठ-नऊपर्यंत पोचलंच पाहिजे. फूलगल्लीत झेंडू, शेवंती, लिलीचे ढीग, माधवबागेचं अंगण, पांजरापोळ जिथे भर शहरात गायी आहेत, १८३० च्या दशकापासून. मग मुंबादेवी, जिच्यावरून शहराचं नाव. जवळच पायधुणी. हे नाव नीट ऐका, पाय धुणी. मुंबई सात बेटांची होती तेव्हा इथे ओहोटीला खाडी ओलांडून यायचे आणि चिखलाचे पाय धुवायचे असं सांगतात. आज तिथे समुद्राचा मागमूस नाही, हॉर्न आणि हातगाड्या आहेत, पण मी दर वेळी तिथे लोकांना थांबवून हे सांगते, कारण आपल्याआधी माणसं हे शहर पायीच ओलांडत होती याची एवढी चांगली खूण दुसरी नाही. झवेरी बाजारातून क्रॉफर्ड मार्केट, १८६९ चं, आता महात्मा जोतिबा फुले मंडई. दारावरची दगडी शिल्पं लॉकवूड किपलिंगच्या हाताखाली झालेली, शेतकरी, बाया, धान्य. त्याच्याजवळच सरदारगृह, तिथे १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य टिळक वारले. बाहेरूनच बघायचं, पण बघा. साडेअकरापर्यंत लॉजवर.

शुक्रवारी संध्याकाळी बाणगंगा. बेस्टची बस पकडून वाळकेश्वरला जा आणि तिथून चौपाटीला चालत उतरा, उलटं करू नका, वहिनींच्या गुडघ्याला मलबार हिलचा चढ कशाला. बाणगंगेच्या पायऱ्या आहेत पण उंच नाहीत, वहिनी वरच्या पायरीवर बसल्या तरी सगळा तलाव दिसतो. शिलाहारांच्या काळातलं स्थान, ११२७ साल सांगतात, आणि आजचं बांधकाम अठराव्या शतकातलं. चारी बाजूंनी उंच टॉवर, मध्ये बदकं, दिवे लागलेले, देवळातली घंटा. तिथे माझ्याबरोबरची माणसं आपोआप हळू बोलायला लागतात, मला काही सांगावं लागत नाही.

शनिवारी सकाळी उशिरा उठा. धोबीतलावला क्यानीमध्ये जा, १९०४ पासूनचं इराणी हॉटेल, ब्रून मस्का, चहा आणि मावा केक, सीएसएमटीहून चालत दहा-पंधरा मिनिटं. मग परत येऊन पडा. खरा शनिवार दुपारी तीनला. लोकलने भायखळा, तिसरं स्टेशन. स्टेशनच थोडं बघा, १८५७ ची इमारत आहे आणि मध्यंतरी फार मनापासून दुरुस्त केलीय. राणीच्या बागेत डॉ. भाऊ दाजी लाड म्युझियम, १८७२ चं, बुधवारी बंद असतं, तुम्हाला चालतंय. आत जुन्या मुंबईची मातीची मॉडेल्स, जातीजमातींचे पोशाख, पगड्या, नकाशे. बागेत एक दगडी हत्ती आहे, तो घारापुरीचा. याच हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. आणि तिथेच घोड्यावर बसलेला राजा सातवा एडवर्ड आहे. हा मूळचा काळा घोडा, १९६५ ला चौकातून हलवला. रविवारी काळा घोडा चौकात जाल तेव्हा २०१७ ला बसवलेला नवा घोडा दिसेल, त्याच्यावर राजा नाही. आधी इथला बघून मग तिथला बघा, या क्रमानेच.

भायखळ्याहून चिंचपोकळी, लालबाग, परळ असं चालत जा, दोन-अडीच किलोमीटर असेल. हे गिरणगाव. चिमण्या थोड्याच उरल्यात, गिरण्यांच्या जागी मॉल आणि काचेचे टॉवर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यातले कितीतरी तुमच्याच साताऱ्याचे, कोकणातले, घाटावरचे. तुमच्या गावात कोणी ना कोणी गिरणीतून परत आलेलं असेलच, निघायच्या आधी त्यांना भेटून या, कुठल्या गिरणीत होते, कुठल्या चाळीत राहायचे, ते लिहून आणा आणि ती जागा शोधा. तुमच्या ३२ च्या यादीत हे एकही नव्हतं आणि मला त्याचंच वाईट वाटलं. परळला बीआयटी चाळीत डॉ. आंबेडकर कितीतरी वर्षं राहिले, दोन छोट्या खोल्यांत, ती चाळ बघा. लालबागच्या चिवडा गल्लीत चिवडा घ्या. करी रोडहून लोकलने परत, आठच्या आत.

रविवार सकाळ फोर्टसाठी राखलीय. सातला गेटवेवर, पाण्यावरून उन्ह येतं. १९२४ ला पुरं झालेलं गेटवे पाचव्या जॉर्ज राजाच्या स्वागताची आठवण म्हणून बांधलं, आणि १९४८ च्या फेब्रुवारीत शेवटची इंग्रज पलटण त्याच कमानीखालून बोटीत बसून गेली. मग काळा घोडा, मग हॉर्निमन सर्कल, टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर बसा. समोरच्या बाजूला सेंट थॉमस चर्च, १७१८ चं. किल्ल्याला तट होता तेव्हा या चर्चकडे येणारा दरवाजा तो चर्चगेट, आज तट नाही, दरवाजा नाही, स्टेशनाला नाव राहिलं. आणि मुंबईचे जुने मैलाचे दगड याच चर्चपासून मोजलेले. रोमन आकडे कोरलेले काही दगड अजून फूटपाथवर उभे आहेत, कुठे दिसला तर ओळखाल. शेवटी परत ओव्हलवर, रविवारी तिथे एकाच मैदानात इतक्या मॅचेस चाललेल्या असतात की कोणाचा फिल्डर कोणाच्या टीममध्ये उभाय कळत नाही. तिथे बसून राहा. रविवारी दुपारी लोकलला मेगाब्लॉक असतो, परतीची गाडी दादरहून असेल तर आदल्या दिवशी वेळापत्रक बघा आणि तासभर हाताशी ठेवा.

यादीतलं काय काढलं ते सांगते. वरळी सी लिंकवर पायी जायला परवानगीच नाही. हाजीअलीची वाट भरतीला पाण्याखाली जाते, भरती-ओहोटी बघून जाणं या चार दिवसांत बसत नाही. घारापुरीला अख्खा दिवस जातो. जुहू, वांद्रे, सिद्धिविनायक पुढच्या खेपेला, दादर-शिवाजी पार्क धरून वेगळे दोन दिवस करा.

वहिनींसाठी एक, कारण पुरुष हे विचारत नाहीत आणि बायका पाणी प्यायचंच टाळतात. टॉयलेटचा विचार सकाळीच करून निघायचं. म्युझियम, मोठी स्टेशनं, बसून खायची हॉटेलं, ही ठरलेली ठिकाणं. भुलेश्वरात शिरायच्या आधी मिसळ खाता तिथेच उरकून घ्या, पुढे दोन तास सोय नाही. पाणी मात्र पीत राहा. गुडघा बोलायला लागला की पुढची जागा सोडा आणि जवळच्या मेट्रोत उतरा, भुयारी स्टेशनात लिफ्ट आहेत.

रस्ता ओलांडताना शूरपणा नको, कुठल्याही मुंबईकराच्या शेजारी उभे राहा आणि तो निघाला की निघा. सीएसएमटीच्या सबवेत पहिल्यांदा सगळेच चुकतात, बाहेरच्या बोर्डचा फोटो काढून ठेवा. बॅग गर्दीत पुढे. आणि मुंबईसाठी म्हणून नवीन बूट घेऊ नका, अजिंक्यताऱ्यावर रोज घालता तेच आणा, धुऊन.